नऊ वाजेपर्यंत

बादलीत पिल्लू, बादलीवर माझा जुना स्वेटर,
आणि बादली दोरीने माझ्या कमरेला.
खाली ओइवा, दोरीचं दुसरं टोक धरून,
वर न बघता. वर बघितलं की त्याची मान धरते.

पाईनचा शेंडा कधीतरी विजेने मोडलेला.
त्या थोट्या शेंड्यावर मीनखाई घारीचं घर,
ट्रॅक्टरच्या चाकाएवढं:
काटक्या, शेवाळ, निळी नायलॉनची सुतळी,
आणि कुणा मुलाचा एकाच हाताचा लोकरी मोजा.

अकरा दिवसांपूर्वी हे तळ्याकाठच्या झुडपात सापडलं होतं,
गळाच्या तंगुसाने करकचून आवळलेला पाय.
मार्केट्टाने तो सोडवला, शिवला,
आणि टॉवेलच्या आडून, चिमट्याने, मासा भरवला.
बोलायचं नाही, हा तिचा नियम.
माणसाचा आवाज आणि जेवण यांची एकदा गाठ पडली
की ते जन्मभर चुकीच्या दाराशी भुकेलं बसेल.
अकरा दिवस आम्ही तिच्या स्वयंपाकघरात
मुक्यासारखी कॉफी प्यायलो.

घरट्यात दोन भावंडं. मला बघताच चपटी झाली,
मेल्याचं सोंग; फक्त नारिंगी डोळे जिवंत.
मी तिसऱ्याला मध्ये ठेवलं.
तेही चपटं झालं.
क्षणभर मलाच कळेना, मी आणलेलं कोणतं.
मग पायावरचे टाके दिसले.

आई डोक्यावर किंचाळत फिरत होती.
मी उतरले, तशी निघून गेली.

मग दलदलीच्या अलीकडे, ताडपत्रीखाली,
तिवईवर दुर्बीण, आणि डास. डास. डास.
नऊ वाजेपर्यंत आई आली नाही,
किंवा आली आणि तिसऱ्याला टोचू लागली,
तर पुन्हा चढायचं, असं ठरलेलं.
जुलैत आमच्याकडे नऊलाही लख्ख ऊन असतं;
वेळ फक्त घड्याळात असते.

पाच.
साडेसहा.
तिसरं ओरडायला लागलं. बाकीची दोघं
त्याच्याकडे पाठ करून बसली.

"तिला मोजता येतं का गं?" ओइवाने विचारलं.
माहीत नाही, म्हटलं.

थर्मासचं झाकण त्याने उघडलं, लावलं, उघडलं.
मग डासांशी बोलावं तसं म्हणाला:
युद्धात आम्हा पोरांना स्वीडनला पाठवलं ना,
चार वर्षांचा होतो. गळ्यात पुठ्ठ्यावर नंबर.
परत आलो तेव्हा आठचा.
तोर्नियोच्या फलाटावर एक बाई
माझे खांदे धरून तेच तेच म्हणत होती.
मला अक्षर कळेना. सगळी फिनिश पुसली गेलेली.
मी स्वीडिशमध्ये सांगितलं, मला आईकडे जायचंय.
तिकडच्या, तो म्हणाला. तिकडच्या आईकडे.

"मग?"
"मग काय. पिशवीतून उकडलेला बटाटा काढला तिने.
गार झालेला. उभ्या उभ्या सोलला."
"खाल्लास?"
"लगेच नाही. बराच वेळ नुसता धरून होतो."

आठ वाजून दहा मिनिटांनी नर आला,
पंजात मुंडकं खाऊन टाकलेला मासा.
मागून ती. मासा पायाखाली दाबला,
पहिल्याला एक तुकडा. दुसऱ्याला.
पहिल्याला पुन्हा.
दुर्बिणीला ओइवा होता. मला नुसता झाडाचा शेंडा दिसत होता,
आणि त्यावर काहीतरी काळं हलताना.

"काय चाललंय?"
"थांब."
"टोचतेय का?"
"थांबलीये. चोचीत तुकडा. बघतेय त्याच्याकडे."

मी नायलॉनची दोरी मुठीत घट्ट धरली
जणू ते अजून तिच्या टोकाला आहे.

नऊ वाजले तेव्हा मी ती गुंडाळून ठेवत होते.
ओइवा दुर्बिणीवरून हलला नव्हता;
डोळ्याभोवती रबराचा लाल वळ उमटलेला.
तो काहीतरी म्हणाला, एकच शब्द,
फिनिश नव्हता.
मी अर्थ विचारला नाही.


गाडीत बसल्यावरही बराच वेळ
आम्ही दोघं कुजबुजतच बोलत होतो.